खांबांची वही

हिल्फच्या शाळेतलं सभागृह,
गुरुवार, इशाची नमाज आटोपल्यावर.
खुर्च्यांवर नवेपणाचं प्लास्टिक अजून तसंच.
लाइन विभागातून कोणीतरी जा, असं कंपनीने सांगितलं
तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं.
मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ,
बूट बाहेर काढायचे की नाही ते न कळलेला.

पडद्यावर पांढरं गिधाड आलं.
मस्कतहून आलेल्या झुवैनाबाई म्हणाल्या, रखमा.
मी दचकलो.
मसीरा बेटावर अकरा वर्षं झाली,
अरबीत या पक्ष्याला रखमा म्हणतात
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रखमा म्हणजे माझी आत्या.
अंगावर पांढरं लुगडं, आणि तोंड कायम पिवळं,
लोकांच्या लग्नांची हळद कांडून.
स्वतःला लावायची मुभा नव्हती,
उडेल ती बसेल.
पंगती उठल्या की जेवायची
आणि अंगण असं लख्ख करायची
की काल इथे काही झालं होतं
असं वाटू नये.

पडद्यावरचं पाखरूही तसंच.
मासळीच्या ढिगाशी मान तिरकी करून उभं,
होऊ दे सगळ्यांचं, म्हणत.

बाई सांगत होत्या, बेटावर झाडं कमी,
उंच बसायला आमचे खांब.
पंख उघडले की एक टोक या तारेला,
दुसरं त्या लोखंडाला.
गेल्या वर्षी मेलेले: नऊ.

नऊ?

माझ्या खिशात वही होती,
घामाने कोपरे वळलेली.
बिघाड कुठे, फ्यूज कुठला, हे लिहायची वही.
पण मागच्या पानापासून उलट
मी भलतंच लिहीत आलो होतो:
खांबाचा नंबर, तारीख.
का, ते विचारू नका.
पडलेलं उचलून वाळूत पुरायला दहा मिनिटं लागतात,
आणि रिपोर्टात आपण लिहितो
'सप्लाय पूर्ववत'.

आमच्या गावी गिधाडं गेली तेव्हा सभा झाली नव्हती.
माळावर एक बैल पडला
आणि आठ दिवस पडूनच राहिला,
तेव्हा कळलं.

'कोणाला काही बोलायचंय?'
सालिम अल-जनैबी उठला, होडीवाला.
'आमच्या जाळ्यातलं उरलेलं ते खातात,
आम्ही त्यांना कधी हाकललं नाही,' म्हणाला, आणि बसला.
राजीवन साहेबांनी मागे वळून पाहिलं.
माझ्याकडे नव्हे, घड्याळाकडे.
घड्याळ माझ्या डोक्यावर होतं.
मी उभा राहिलो.

माझी अरबी बाजारातली,
सलाम आणि भाव करण्यापुरते आकडे.
तेवढेच वापरले.
सत्तावीस. एकेचाळीस. एकेचाळीस.
अठ्ठावन्न. एकशेतीन. पुन्हा एकेचाळीस.
कोणीतरी हसलं, लिलाव वाटला असावा.
मग शाळेचा बिल्ला लावलेली एक पोरगी
उठून फळ्याशी गेली
आणि मी म्हणेन तो आकडा लिहीत सुटली.
मी थांबलो तेव्हा फळ्यावर चौतीस होते
आणि तिची बाही मार्करने निळी झाली होती.

टाळ्या वगैरे नाही.
राजीवनने त्याच्या हिंदीत विचारलं,
एकेचाळीस कुठला?
धक्क्याच्या वळणावरचा, साहेब.
रबरी टोप्या किती आहेत स्टोअरमध्ये?
बारा.

पायऱ्या उतरताना मी चौतीसातून बारा वजा करत होतो.
हिशेब तसा नसतोच.
मेलेले वेगळे, खांब वेगळे.

रविवारी लाइन बंद करून एकेचाळीसवर चढलो.
टोपी बसवत होतो, तर समोर बेचाळीसवर
ती येऊन बसली.
बेचाळीसला अजून काहीच नाही.
मी नावाने हाक मारली.
तिने मान तिरकी केली,
वाढणारं कोणी उरलंय का
हे आत्या बघायची, तशी.

आज बस कुठेही, म्हटलं,
तारांत आज जीव नाही.
उद्यापासून मात्र
या माझ्या खांबावर.