लांब इंचाची पट्टी

पाचशे शब्दांत सांगा,
तुम्हाला संगणकशास्त्र का शिकायचंय.

राजारामपुरीतल्या क्लासच्या सरांनी नमुना दिलाय :
'लहानपणापासून मला संगणकाचं प्रचंड आकर्षण होतं.'
लहानपणी मला आकर्षण होतं
भुशाच्या ढिगात पाय खुपसून बसायचं,
आणि सोमवारी उद्यमनगर गप्प झालं
की पत्र्यावर ऐकू येणाऱ्या चिमण्यांच्या पावलांचं.
हे लिहू का, विचारलं,
तर सर म्हणाले, अगं, पॅशन दिसली पाहिजे.

आण्णा पॅटर्न करतात.
बिडाचा पंप ओतायचा तर आधी लाकडाचा लागतो,
तोही थोडा थोराड,
कारण बीड निवताना अंग चोरतं.
म्हणून त्यांच्याकडं एक पोलादी पट्टी आहे,
जिच्यावरचा इंच
इंचाहून केसभर लांब.
चौथीत मी ती चुकून शाळेत नेली.
बाईंनी माझ्या सगळ्या रेघांवर फुली मारली.
पट्टीवर कुणाचा संशय गेला नाही.

अकरावीत मी आण्णांना प्रोग्राम करून दिला.
ड्रॉइंगवरचं माप घाला, धातू निवडा,
वाढवलेलं माप मोबाईलवर हजर.
आण्णा 'लई भारी' म्हणाले,
दोनदा म्हणाले,
आणि ते वाढवलेलं माप
लांब इंचाच्या पट्टीनं
लाकडावर आखून घेतलं.

बासष्ट नग.
मगदूमांच्या फौंड्रीच्या अंगणात ओळीनं मांडलेले,
जरा जास्तच जेवल्यासारखे,
एकाही बोल्टाचं भोक जुळेना.

रात्रभर मी एकेक ओळ तपासली.
प्रोग्राम बरोबर होता.
पट्टी बरोबर होती.
सागवानानं तर कुणाचं काय केलं होतं?
चूक मधल्या जागेत बसली होती,
मोबाईलवरून मान उचलून
आण्णा लाकडाकडं वळतात तिथं,
जिथं उभं राहून मी कधी
पाहिलंच नव्हतं.

'बीड हाय पोरी,' आण्णा म्हणाले,
'वितळतंय. परत ओतू.'
मगदूमांनी पुढं दोन महिने काम दिलं नाही
ते त्यांनी सांगितलं नाही,
मला उधारीच्या वहीत सापडलं.

मला शिकायचंय ते हे.
याला कुठला विषय म्हणतात माहीत नाही.
माहितीपत्रकात अठरा आहेत,
त्यात नाही.
सर म्हणतात, अपयश कशाला लिहितेस, खोड.
नाव प्रांजल ठेवून ही वेळ.

मराठीत चारशे वीस शब्द झाले.
इंग्रजीत ओतलं
तर आकसायचं सोडून फुगलं :
'भट्टीत' हा एक शब्द, तिकडं तीन होतात.
मग छाटत बसले.
'अतिशय' गेला. 'मनःपूर्वक' गेला.
जिल्हास्तरीय स्पर्धेतला तिसरा क्रमांक
जरा रेंगाळला, मग गेला.
पाचशे तीन.

साडेअकराला आण्णा
कानावरची पेन्सिल न काढताच जेवायला बसले.
'किती राहिलंय?'
'तीन शब्द जास्त हायत.'
त्यांनी भाकरी मोडली.
'मग माझं नाव काढ की.
हणमंत ज्योतिराम सुतार.
झालं तीन.'

असं बोटावर मोजून
कुणी स्वतःला वजा करतं?
पण रंध्याखाली काय जायला हवं
ते या माणसाला हातानंच कळतं, आयुष्यभर,
आणि आज पहिल्यांदा त्यांचं चुकलं.

मी सरांचं वाक्य काढलं, अख्खं.
पाचशेला सहा कमी.
ती जागा भरली नाही.

हात धुऊन आण्णा मागं येऊन उभे राहिले.
अक्षरं त्यांना लागली नाहीत,
त्यांनी ओळींची लांबी पाहिली, कडा पाहिल्या,
एक डोळा मिटून, फळी सरळ आहे का बघतात तसं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाले,
'तिकडं इंच केवढा असतोय गं?'