सादळ

चार्ज घ्यायला मी पिपरटोल्याला उतरले
तेव्हा झडीचा सहावा दिवस होता.
ठाण्यामागच्या बांध्या तुडुंब,
खुर्च्यांच्या पायांना बुरशी,
आणि हेड कॉन्स्टेबल मारबते म्हणाले,
कोत आज उघडायची नाही.

आदेश आहे, मी म्हटलं.
आदेश जिल्ह्यातून येते, पोरी.
ओल दारातून येते.

तीन दिवस आम्ही कुलपासमोर बसलो.
ते रजिस्टर वाचायचे, मी खुणा करायची,
चहात साखरेचा ओला गोळा
विरघळता विरघळत नव्हता.

चौथ्या दिवशी ऊन.
तरी अकरा वाजेपर्यंत थांबले,
भिंतीला तळहात लावून उभे,
तापाच्या लेकराचं कपाळ पाहावं तसे.
मग आत.

पेट्या सागाच्या पट्ट्यांवर,
भिंतीपासून वीतभर लांब.
मधून मांजर गेलं पाहिजे, म्हणाले,
मांजर जाते तेथून वाराही जाते.
मी पितळेवरचा हिरवट डाग पाहून
तेलाचा बोळा उचलला
तर हातच धरला माझा.
तेल आत झिरपते. टोपी मरते.
कोरडं फडकं घे.
अन् आधी हात पूस,
माणसाच्या घामात मीठ राहते.

मला माझी आई आठवली,
ढोलीत मोहफुलं भरताना
मूठ कानाजवळ नेऊन खुळखुळवणारी.
वाजलं तर भरायचं.
नाही वाजलं तर परत अंगणात.

पेटीपेटीत एक पुरचुंडी.
तिच्यातले खडे गोकर्णीसारखे निळे असले
की झाकण लावायचं.
पिकल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी झाले
की त्यांनी ओल पिऊन घेतलेली.
मग मारबते ते घरी न्यायचे,
एका जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे,
निळे होईस्तोवर.
त्या तव्यावर भाकर टाकायची नाही,
असं त्यांच्या बायकोनं
चुन्यानं भिंतीवर लिहून ठेवलेलं होतं.

शेवटची पेटी सगळ्यांत उंचावर.
दुहेरी पुरचुंडी, सुतळीचा दुहेरी फेर.
मी मोजली. एकशे ऐंशी.
पण ही तर कोरी आहेत, मी म्हटलं,
यांत गोळीच नाही,
नुसता आवाज.

ते काही बोलले नाहीत.
सही केली. पेनाचं टोपण लावलं. काढलं.

रैनू कुमरे आमचा शिपाई, म्हणाले.
पुरात टोल्यावरची माणसं काढत होता.
सातवीला गेला, ती बाई वाचली,
तो तिसऱ्या दिवशी सापडला.
नदीच्या थडीवर सलामी. वरून पाणी.
दहा बंदुका, तीन फैरी.
दुसऱ्या फैरीला
नऊच वाजल्या.
दहावी नुसती

खट.

साहेब लोकाईनं ऐकलं नाही.
त्याच्या मायनं ऐकलं.
तिनं मान वळवून पाह्यलं,
बंदुकांकडे नाही.
माझ्याकडे.
तिला कोणी सांगितलं असंन
की कोत माझ्याकडे आहे?

मी उत्तर दिलं नाही.
बाहेर बांधीत बगळे उतरले होते.

महिनाअखेरीला मारबते एसटीनं गेले,
तवा मला देऊन.
आता रात्री झड लागली की मी उठते,
स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचा तळ पाहते,
काडी ओढून पाहते.
दोन काड्या फुसक्या निघाल्या
तर मग झोप येत नाही.

ही पेटी कधी उघडायला लागू नये,
आणि लागलीच
तर एकशे ऐंशीपैकी एकही गप्प बसू नये.
याला प्रार्थना म्हणतात का, मला माहीत नाही.
मी फडकं वाळवते.

रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात
अकरा पावसाळे त्यांचा एकच शब्द आहे: कोरडं.
दर आठवड्याला, त्याच तिरक्या अक्षरात.
फक्त एके ठिकाणी
ड सुटलाय.
तारीख नदीची आहे.
मी ते दुरुस्त केलेलं नाही.