साडेत्रेसष्ट मिलिमीटर

विसेंत कुलासो दुकानात आला तेव्हा
वास्कोचा बाजार दुपारच्या झापडीत होता.
कॅलेंडरचं फाडलेलं पान काउंटरवर पसरून म्हणाला,
"बाय, चष्मा नको. अंतर मोज.
एका बाहुलीपासून दुसऱ्या बाहुलीपर्यंत."

पानाच्या पाठीवर तीन हेडसेट, तीन किमती,
मधे शाळकरी पोरासारख्या आखलेल्या रेघा.
पहिल्यात चित्र धारदार, पण फक्त मधोमध;
नजर कडेला गेली की उंचीचं घड्याळ
पाण्यात पडल्यासारखं.
दुसरा हलका. त्याला भिंतीवर दोन डोळे ठोकावे लागतात,
घर भाड्याचं, मालकीणबाई खिळा मारू देत नाही.
तिसरा स्वस्त. त्यात रात्र काळी होत नाही,
राखेच्या रंगाची होते.
"धावपट्टीचे दिवे मी राखेत बघू?" त्यानं विचारलं,
जसा काही तो हेडसेट मीच बनवला होता.

मला यंत्रातलं कळत नाही. नाकातलं कळतं.
म्हटलं, अर्धा किलो वजन गालांवर बसलं
तर तासाभरात वळ उठतील; मागचा पट्टा आधी बघ.
डाव्या डोळ्याला पावणेतीनचा नंबर,
चष्म्यावरून चढवलास तर काच काचेला ओरबाडेल.
आत बसतील अशी भिंगं करून देते.
पट्टी धरली. तो समोर बघत राहिला,
भिंतीवरच्या अक्षरांच्याही पलीकडे.
साडेत्रेसष्ट.
त्यानं आकडा लिहिला, दोनदा गिरवला.

शेवटी पहिलाच घेतला.
"डोळे नाही फिरवणार," म्हणाला, "मान फिरवीन.
मानेला सवय आहे."

अठ्ठावीस वर्षं
दाबोळीच्या धावपट्टीवरून घारी हाकल्या त्यानं.
पावसाळा सरला की गवतात नाकतोडे,
नाकतोड्यांमागे घारी,
घारींमागे विसेंत: एक जीप, एक फटाक्यांची बंदूक,
आणि दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी.
विमान पाहिलं ते कायम पोटाकडून.

पहिल्या आठवड्यात दोनदा ओकला.
मग समोर टेबलफॅन लावला, जिभेखाली आल्याचा काप.
हेडसेट चढला की आपलेच हात दिसत नाहीत,
म्हणून चाकांच्या बटणावर चिंचोका चिकटवला,
फ्लॅपच्या बटणावर तांदळाचा दाणा.
"अंगठ्यानं वाचतो," हे त्यानं मला
फोन करून सांगितलं, रात्री साडेदहाला.

आणि महिन्याभरानं परत. भिंगं रुमालात बांधलेली.
"नंबर चुकलाय, बाय. घारी दिसत नाहीत."

तपासला. तक्त्याची शेवटची ओळ
घडाघडा वाचली त्यानं, खाली छापखान्याचं नावही.
खुर्चीतून उठला नाही.
"समुद्राकडून येतो, पट्टी समोर, आकाश चक्क साफ.
एवढं साफ मी कधी केलं नाही.
कुणी हाकल्या?"

रविवारी चिखलीला त्याच्या घरी गेले,
माझं काम म्हणून, आणि थोडी उत्सुकता म्हणून.
त्यानं पट्टा आवळला, केसांत अडकला, सॉरी म्हणाला.
आणि मी वर होते.
उजवीकडे बोगमाळोची वाळू,
खाली पाणी, पत्र्यासारखं.
मांडी बघायला मान खाली घातली तर मांडी नाही.
पंख्याचा वारा मात्र खरा, आणि खुर्चीच्या पाठीवर
धरून ठेवलेला त्याचा हात.

"डावीकडे. मान, डोळे नव्हे.
टाकीजवळ सुकं गवत दिसतं?
तिथं जीप लावायचो."
गवत होतं. हिरवंगार,
एकाच पात्याच्या हजार नकला.
मी म्हटलं, हो, सुकलंय.

पट्टी मोठी होत आली.
माझ्या कानामागे त्यानं सवयीनं शिट्टी मारली,
लांब, दोन बोटांची,
शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं
आणि माझ्या अंगठ्याखालचा चिंचोका
दाबायचा राहून गेला.