घरगुती दर

माझगावातले मीटर मी वाचतो.
जिन्याखाली, बॅटरी दातांत धरून,
उंदरांच्या लेंड्या बुटाने बाजूला सारत.
गनपावडर रोड युनायटेडचा मी राखीव गोलकीपर,
सहा हंगामांत मिळून अकरा मिनिटं खेळलेला,
त्यामुळे वाकून बघत बसायची सवय
जुनीच.

आमच्यातले बहुतेक असेच भेटतात, आकड्यांतून.
लेफ्ट आऊट युस्टेस शवपेट्या करतो.
रंधा थांबवून माणसाकडे बघतो
तेव्हा क्रॉस टाकण्याआधी बघायचा तसाच,
अंतर डोळ्यांनी मोजत. मी उगीच पोट आत घेतो.
स्टॉपर मुबारक दारूखान्यात जहाजं तोडतो.
गुडघ्याचं विचारलं तर म्हणतो, विकला भंगारात,
किलोला काय भाव आला ते विचारू नकोस.
नाखवा दुबईला. म्हणजे उरणला,
पण आम्ही दुबईच म्हणतो.

आणि तिसऱ्या मजल्यावर उमाकांत वेदक.
आठ नंबर.
फुर्ताडो मास्तर म्हणायचे, ह्याच्या पायातनं चेंडू काढायचा
तर कोर्टात जावं लागेल.
कूपरेजवर सेमीफायनलची पेनल्टी त्याने मारली ती
बारवरून, भिंतीवरून, थेट रस्त्यावर,
एका टॅक्सीच्या कॅरियरवर बसून चेंडू कुलाब्याला गेला
असं आम्ही सांगतो.
त्यालाही सांगून पाहिलं एकदा. हसला नाही.
कंपनीच्या टीमकडून पत्र येणार होतं,
ते आलं नाही.

मार्चपासून त्याचं युनिट तिप्पट.
असं झालं की वर जाऊन बघायचं, असा नियम.
गेलो. दार उघडंच होतं. खोलीभर वाफ,
पलंगावर, टीव्हीवर, देव्हाऱ्याच्या कडीलासुद्धा
लोकांचे शर्ट.
बायको खाली बसून गठ्ठ्यांवर फ्लॅटचे नंबर लिहीत होती.
घरगुती जोडणीवर धंदा.
फॉर्मात ह्यासाठी एक चौकोन असतो.
त्यात खूण केली की दर बदलतो,
मागच्या सहा महिन्यांचासुद्धा.
हे मला माहीत. मला वाटतं
त्यालाही.

म्हणाला, ये. पाणी घेणार?
मी म्हटलं, अर्धा ग्लास.
त्याने टेबलावर एक जर्सी पसरली,
कुठल्याशा शाळेची, पिवळी, एवढीशी,
आणि उलटी केली.
आकडा आतून घ्यायचा, म्हणाला,
वरनं फिरवलीस तर वितळतो. हल्ली चिकटवतात ना.
आपले फुर्ताडोबाई हाताने शिवायच्या.
तुझ्या बावीसमधला एक दोन
सारखा सुटायचा.

खरंच सुटायचा. बाकाला पाठ घासून घासून
लोंबायचा मागे, आईच्या लक्षात यायचा फक्त.
पण ह्याला कधी दिसला?
हा तर मैदानात असायचा,
आम्ही सगळे ह्याच्याकडे बघत.

इस्त्री पुढे सरकली,
चेंडू नेतात तशी वगैरे नाही,
इस्त्रीसारखीच, जड,
शिवणीपाशी जरा थांबून.

मी गुडघ्यावर फॉर्म ठेवला.
मास्तर ओरडून ओरडून मेले,
अरे गोलकीपर ना तू, जागा सोड, पुढे ये, कोन कमी कर.
आलो होतो की पुढे. तीन मजले.
चौकोन समोर, हात मोकळे,
पेनाला शाई.
तो गेला माझ्या डाव्या बाजूने, अगदी सावकाश,
आणि मी जागचा हललो नाही.

पाणी संपवलं. रीडिंग वाचून दाखवलं.
वहिनी म्हणाल्या, ह्या वेळी किती येईल?
म्हटलं, येईल तेवढं येईल, पंधरा तारखेपर्यंत भरा.
खाली उतरून पुढच्या इमारतीपर्यंत गेलो
तेव्हा कोणीतरी हाक मारून सांगितलं,
साहेब, बॅटरी चालू आहे तुमची,
भर उन्हात.