सहावी आवृत्ती, सावदा

जुम्मा तडवीच्या अंगठ्यावर
केळीचा चीक वाळलेला, काळा.
माझं हिरवं बटण
त्याला ओळखत नाही.
तो अंगठा पँटला पुसतो, पुन्हा दाबतो,
पुन्हा. मग माझ्याकडे बघून हसतो,
चूक त्याचीच असल्यासारखा.

मी वहीत लिहिते: बटण मोठं हवं.

दुसऱ्या खेपेला बटण मोठं, पण ऊन एवढं
की काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं.
तिसऱ्या खेपेला 'सादर करा'.
"काय सादर करू, गानं?"
अख्खी टोळी घड खाली ठेवून हसली.
चौथी पुण्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडली;
तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पाचवीत मी समजावणं बंद केलं.
बांधावर बसून नुसतं पाहिलं:
विळा उजव्या हातात, घड खांद्यावर,
फोन डाव्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत.
म्हणजे सगळं डावीकडे न्यायचं.
शब्द एकच ठेवला: धाड.

आज त्यानं पिशवीवरूनच दाबलं,
न बघता, चालता चालता,
गाडीवाल्याशी भाड्यावरून भांडत.
एकशे बारा घड. गेले.

मी वही उघडली, पेन झटकलं.
लिहायला काही नव्हतं.
"ताई," तो लांबून ओरडला,
"चुकलं तं मांगं कसं घ्याचं?"