नववी पायरी

टार्टूत नोव्हेंबरचा दिवस चारच्या आतच मिटतो.
वीवे दिवा लावते, राईच्या पावाचा तुकडा दातांत धरून
फाइल उघडते: नवी आवृत्ती कशी काढावी.
एकोणीस पायऱ्या.
पहिली: बदलांची यादी वाचा, मोठ्यानं.
चौथी: आकडा बदला, चार ठिकाणी.
(आधी तीन होती. चौथं तिनं जोडलं, हात पोळल्यावर.)
सातवी: सही करा. किल्ली उसनी देऊ नका, सख्ख्या भावालाही.
नववी: चाळीस मिनिटं थांबा.

एवढंच.

टांबेट एकोणीस वर्षांचा, आज पहिल्यांदाच आवृत्ती काढतोय.
पडद्यातून विचारतो, "का थांबायचं?"
वीवे तोंड उघडते
आणि घास तसाच राहतो.
अकरा वर्षं थांबत आलीय ती.

इतिहास खणला. ओळ हेल्दुरची,
जोडताना मारलेला शेरा: "दुरुस्त केलं."
काय दुरुस्त केलंस, बाबा?

हेल्दुर आता सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो.
सातव्या घंटेला फोन उचलतो.
"चाळीस मिनिटं? अगं हो, टॅहे रस्त्यावर तळघरात
एक यंत्र होतं. तिथं नक्कल पोचायला लागायची तेवढी.
ते तर केव्हाच भंगारात गेलं.
तुम्ही अजून थांबता?"

श्राद्धाच्या दिवशी झाकून ठेवायचं ते मांजर
कधीच मेलं. टोपली तेवढी दरवर्षी पालथी.

वीवे ओळ निवडते, खोडायला बोट टेकवते.
मग आठवतं, याच चाळीस मिनिटांत एकदा
पॅर्नूच्या यानिकाला दिसलं होतं
आभाराच्या यादीत एका मुलीचं आडनाव चुकलेलं.
एकदा ती स्वतःच भांडी घासता घासता
ओल्या हातांनी धावत आली होती: थांबवा, थांबवा.
बाकी बहुतेक वेळा काहीच नाही.
दारातला बर्फ ओढला. आईला फोन केला.

ती लिहिते:
यंत्र आता नाही. थांबायची गरज नाही.
तरी वीस मिनिटं टेबलापासून उठा.
कारण: आपण चुकतो.
शेवटची ओळ भाषणासारखी वाटते, काढून टाकते.
कारण: वीवेला विचारा.
तेही पुसते. वीवे काय अमरपट्टा घेऊन आलीय?
मग तळघराचा पत्ता घालते, हेल्दुरचं नाव,
भंगाराचं वर्ष. ते त्याला नीट आठवेना,
म्हणून पुढे "बहुधा".

टांबेट थांबलाय. त्याच्या मागे कुणीतरी
किटली ठेवलीय, तिची शिटी ऐकू येते.
"बरं," तो म्हणतो. "आणि बारावीत हे
खिडकी बंद करा म्हणजे
कुठली खिडकी?"