पंधराचा निळा

उंटांच्या खिंडीतला बोगदा मागे पडला
आणि दुसऱ्याच वळणावर गाडी गप्प झाली.
धक्का नाही, खडखड नाही.
जेवता जेवता कुणी ताटावरून उठून जावं, तशी.

एक्क्याण्णव सालची ऑडी. जर्मनांनी वापरून विकलेली,
मग आमच्या सुसामिरच्या धुळीत म्हातारी झालेली.
डिकीत चाळीस बाटल्या कुमिस,
घोडीचं दूध आतल्या आत फसफसतंय,
आणि माझ्या बोटांत सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

हो, मीच. जळलेल्या फ्यूजला मीच ती गुंडाळली.
आमच्याकडे या जुगाडाला भुंगा म्हणतात.
पंप गुरगुरला, शंभर पावलं गाडी गेली,
मग डॅशबोर्डखालून तो वास आला,
मेंढीचं डोकं जाळावर धरल्यावर येतो तसला.
चावी बंद. बॅटरीची काळी तार सोडवली.
तिकोन नव्हता, लाल स्वेटर पसरला मागच्या वळणावर
चार दगडांखाली,
आणि दरीकडे पाठ न करता उभा राहिलो.

तासाभराने थांबला तो ओमुरझाक.
माझा थोरला.
वडिलांच्या वर्षाच्या जेवणाला कुठली घोडी कापायची
यावरून तीन वर्षं शब्द नव्हता.
फाटकासमोरून जाताना हॉर्न तेवढा द्यायचा,
एकदाच, आखूड,
उधारी असलेल्या माणसाने खाकरावं तसा.

त्याने भुंगा उपटला. माझ्याकडे न बघता दरीत भिरकावला.
मग तार जोडली, मागचे दिवे लुकलुकावेत म्हणून.
दोरी हुकात अडकवली, मधोमध फडकं बांधलं,
आणि तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलला:
"चावी काढू नकोस. स्टिअरिंगची मान आखडेल."
दुसरं: "ब्रेक जड लागेल. दोन्ही पाय दे."

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
त्या उतारावर मला कळलं, तुटते ती सैल दोरी.
सैल पडते, मग हिसका बसतो.
ताणलेली ठेवायची ती मागच्याने,
पुढच्याला काय, त्याला रस्ता दिसत असतो.
मला दिसत होती त्याची मान, टोपीखालचे पांढरे केस
(हे कधी झाले?)
आणि मधलं फडकं, जमिनीला लागू न देण्याचं.
नऊ किलोमीटर. पोटऱ्या थरथरत होत्या.

खाली सपाटीवर, कुरुत विकणाऱ्या बाईच्या तंबूपाशी
त्याने आधी फ्यूज बदलला नाही.
आधी तार शोधली. बोट फिरवत फिरवत गेला
जिथे सालटं निघून तांबं उघडं पडलं होतं, बिजागरीला घासून.
पट्टी गुंडाळली, तीन वेढे.
"फ्यूज उगाच मरत नाही," एवढंच.

बाईकडे एक पिवळा होता, विसाचा.
खाचेत तो बसलाही असता.
"बसतो म्हणून चालतो असं नाही.
मग जळायचं काम तारेला करावं लागतं."
आणि स्वतःच्या गाडीत वाकून
चिमट्याने एक निळा उपटून आणला. पंधराचा.
कशाचा, ते बोलला नाही.

माझी गाडी सुरू झाली.
त्याने चहा घेतला नाही. कुमिसची एक बाटली घेतली,
पैसे बोनेटवर ठेवले, मोजून.

त्याला आता अकरा दिवस झाले.
बाजारातून मी निळे दहा आणलेत,
नस्वारच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, हलवलं की वाजतात.
रोज संध्याकाळी त्याची गाडी फाटकासमोरून जाते
आणि काही ऐकू येत नाही.

आज डबी घेऊन फाटकापर्यंत गेलो.
धूळ दिसली लांबून. कडी थंडगार होती.